‘ज्ञानेश्वरी’ किती लांब?

आमच्या सोसायटीचे सचिव काका हिशोबाला पक्के. सभासदांना निरोप धाडायचा तर मराठीतूनच, आणि तोही एकगठ्ठा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेवरून. मजकूर एवढाच होता: ‘उद्या सकाळी दहा वाजता सोसायटीची सभा आहे. सर्वांनी कृपया वेळेवर यावे. सचिव’. महिनाअखेरीला बिल आलं ते दुप्पट संदेशांचं. काका मोबाइल घेऊन दारात उभे. ‘तू कॉम्प्युटरवाला ना? मग हे सांग. एका मेसेजात एकशे साठ अक्षरं बसतात म्हणतात. मी बोटाने मोजली, जागा आणि टिंबं धरून सत्तेचाळीस भरली. दोन मेसेज झाले कसे?’

काकांचं मोजणं बरोबर होतं. सेवेचंही बरोबर होतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १४० बाइटांत १६० अक्षरं जातात. देवनागरी त्या सात बिटांच्या तक्त्यात नाही. तिच्यासाठी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणजे एकूण ७० चिन्हं. आणि इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडायची खूणही वेगळी. ‘सर्वांनी’ हा काकांच्या लेखी तीन अक्षरांचा शब्द यंत्राला आठ चिन्हांचा दिसतो. असा त्यांचा निरोप झाला ७३ चिन्हांचा. सत्तरी ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडायच्या माहितीला जागा द्यावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच मावतात. शेवटचं ‘सचिव’ काढलं असतं तर ६८ भरली असती आणि एका संदेशात काम झालं असतं.

हाच निरोप मी पायथनच्या ‘लेन’ फंक्शनला दिला तर ते ७३ म्हणतं. गो भाषेतलं ‘लेन’ म्हणतं १९३. स्विफ्टमध्ये ‘काउंट’ विचारलं तर उत्तर काकांच्या बोटांजवळ जातं. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात येणारा हा प्रश्न: स्ट्रिंगची लांबी किती? फळ्यावर ‘हॅलो’ इंग्रजीत लिहून पाच असं उत्तर देतात आणि पुढे जातात. मराठी शब्द लिहिला असता तर तास तिथेच संपला असता.

या गोंधळाचं मूळ लिपीत नाही, मेमरीच्या काटकसरीत आहे. बीसीपीएल या जुन्या भाषेत स्ट्रिंगच्या पहिल्या बाइटात तिची लांबी लिहून ठेवत. केन थॉम्प्सन यांनी त्यावरून बी ही भाषा बेतली, तेव्हा ती नोंद काढून टाकली आणि मजकूर संपला की एक खास खूण ठेवायला सुरुवात केली. डेनिस रिची यांच्या सी भाषेत ती खूण शून्य किमतीचा बाइट झाली. रिची यांनी पुढे याची कारणं लिहून ठेवली आहेत: लांबी आठ-नऊ बिटांच्या खणात ठेवली तर मजकुराला मर्यादा पडते, आणि लांबीचा हिशोब सांभाळण्यापेक्षा शेवटची खूण ठेवणं त्यांना अनुभवाने सोयीचं वाटलं. टर्बो पास्कलने उलट वाट धरली. पहिल्या बाइटात लांबी, त्यामुळे स्ट्रिंग २५५ च्या पुढे जाऊच शकत नसे. आमच्या पिढीतल्या अनेकांना हा आकडा पाठ आहे, आणि तो का, हे पास्कलचा शेवटचा पेपर दिल्यावर कळलं.

सी भाषेतलं ‘स्ट्रलेन’ लांबी ‘सांगत’ नाही, दर वेळी पहिल्यापासून चालत जाऊन मोजतं. एखाद्याला घरापासून स्टेशनपर्यंत किती पावलं, असं विचारावं आणि त्याने उत्तर न देता चालायलाच लागावं, तसं. छोट्या मजकुरात ते जाणवत नाही. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा खेळ सुरू व्हायला सहा मिनिटं का लागतात, याचा छडा लावला. खेळ दहा एमबीची एक मजकूर-फाइल वाचत होता. तीत त्रेसष्ट हजारांच्या आसपास वस्तू होत्या, आणि एकेक तुकडा वाचताना वापरलेलं फंक्शन आतल्या आत उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजत होतं. त्यात भर म्हणून प्रत्येक वस्तू आधी आली आहे का, हे लांबलचक यादीत एकेक करून तपासलं जात होतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर वेळ दोन मिनिटांच्या आत आला. कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला दहा हजार डॉलर दिले. लांबी एकदाच मोजून लिहून ठेवली असती तर? बीसीपीएल तेच करत होती.

वेळ गेला तर गेला, पण लांबी न विचारता लिहिलं की घर फुटतं. सीमधलं ‘गेट्स’ हे फंक्शन समोरून येणारा मजकूर किती मोठा आहे, हे न बघता दिलेल्या जागेत भरत जातं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस वर्मने इतर वाटांबरोबर हीच वाट वापरली. ५१२ बाइटांच्या जागेत जास्त मजकूर ओतून यंत्र ताब्यात घेतलं. ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाण ग्रंथातून हद्दपार व्हायला २०११ साल उजाडावं लागलं. पॉल-हेनिंग कॅम्प यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात शेवटी शून्य ठेवण्याच्या निर्णयाला एका बाइटाची सगळ्यात महागडी चूक म्हटलं आहे. मला हे थोडं अतिरेकी वाटतं. त्या काळी मेमरी सोन्याच्या भावाने मिळत होती. पण नंतरची तीस वर्षं तोच निर्णय मुकाट्याने पुढे ओढला, त्याला बचाव नाही.

इथपर्यंत एक बाइट म्हणजे एक अक्षर, एवढं गृहीत होतं. आपल्याकडेही ते काही काळ खरं होतं. १९८८ आणि मग १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीमध्ये, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसत असे. त्याच्या जोडीला डीटीपीचे फाँट आले. त्यांत तर चिन्हंही नव्हती, शाईचे तुकडे होते. अर्धा ग आणि त्याचा दंड दोन निराळे बाइट. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी म्हणून साठवायचीही आधी. त्या फाँटांतल्या मजकुराची लांबी विचारणं म्हणजे शब्दाऐवजी खिळे मोजणं. पेठांतल्या डीटीपी ऑपरेटरला याची फिकीर नव्हती. त्याचं बिल पानावर होतं.

मग युनिकोड आलं, आणि गोष्ट बिनसली ती नीट बघण्यासारखी आहे. १९९१ साली कल्पना अशी होती की जगातल्या सगळ्या लिप्यांना ६५,५३६ जागा पुरतील, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट. जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ मध्ये बाहेर आल्या त्या हा विश्वास पोटात घेऊन. पुढच्याच वर्षी युनिकोडने जागा अकरा लाखांवर नेल्या. ज्यांची चिन्हं पहिल्या ६५,५३६ च्या बाहेर पडली, त्यांना दोन-दोन बाइटांच्या दोन जोड्या लागू लागल्या. तेव्हापासून जावाची ‘लेंग्थ’ चिन्हांची संख्या सांगत नाही, जोड्यांची संख्या सांगते. जावाने २००४ मध्ये चिन्हं मोजायला निराळं फंक्शन दिलं. जुनं बदललं नाही. बदलता येत नाही, कारण जगभरचा कोड त्याच्या आकड्यावर उभा आहे.

मराठी माणसाला याची झळ कुठे बसते? देवनागरी पहिल्या ६५,५३६ मध्येच आहे, तेव्हा वाटतं की नाहीच बसत. पण मोडी बाहेर आहे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये जागा मिळाली, आणि ती दूरच्या आळीत. ‘मराठी’ हा शब्द देवनागरीत लिहा, जावास्क्रिप्ट पाच म्हणेल. तोच मोडीत लिहा, दहा म्हणेल. इतक्यावर भागत नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने वर्षानुवर्षं जे चाललं, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट दिलेले होते. मोडीच्या चिन्हाला चार लागतात. म्हणजे तिथे मोडीची लांबी चुकत नाही, मोडी शिरतच नाही. चार बाइटांचा प्रकार २०१० पासून वेगळ्या नावाने आला. जगभरच्या प्रोग्रॅमरांना तो वापरायची गरज कळली, ती इमोजींमुळे. जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनी इमोजींचे आभार मानायला हरकत नाही.

यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात टेबलावरच्या कागदी चटईवर आखली, ही कथा स्वतः पाइक यांनी सांगितली आहे. पद्धत देखणी आहे यात वाद नाही. इंग्रजीला एक बाइट. २,०४७ क्रमांकापर्यंतच्या चिन्हांना दोन, त्यात ग्रीक, रशियन, अरबी बसतात. देवनागरी सुरू होते २,३०४ पासून. थोडक्यात चुकामूक झाली आणि आपल्याला तीन बाइट पडले. इस्कीतला एक बाइटाचा काना आता तीन बाइट खातो.

हे तीन बाइट कुठे टोचतात, ते डेटाबेसमध्ये कळतं. ऑरॅकलमध्ये कॉलमला ३० लांबी दिली आणि बाइट की अक्षरं, हे सांगितलं नाही, तर तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० बाइट धरतो. आता ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र. दहा चिन्हं, बरोबर ३० बाइट. नाव काठोकाठ बसलं. त्याच कॉलमात ‘ज्ञानेश्वरी’ भरायला गेलात तर एक वेलांटी वाढली, ३३ बाइट झाले, नोंद नाकारली गेली. वाचणाऱ्याच्या लेखी दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे. एका सरकारी छापाच्या अर्जात माझं स्वतःचं आडनाव असंच अडलं होतं. पडद्यावर संदेश होता, ‘नाव फार मोठे आहे’. ते पाच अक्षरांचं आहे.

इतर डेटाबेसांची तऱ्हा थोडक्यात. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ बाइट मोजतं, ‘कॅर लेंग्थ’ चिन्हं. पोस्टग्रेसमध्ये ‘लेंग्थ’ म्हणजे चिन्हं. एसक्यूएल सर्व्हरचं ‘लेन’ शेवटच्या मोकळ्या जागा धरतच नाही. तिन्हीकडे काम केलेला माणूस मुलाखतीत या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही, आधी कुठला डेटाबेस ते विचारतो.

पायथनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत बाइट आणि मजकूर वेगळे केले. पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगमधली ‘मराठी’ पंधरा भरायची, आता पाच भरते. तरी २०१२ पर्यंत पायथनच कसा बांधला आहे यावर एका इमोजीची लांबी एक की दोन ते ठरत असे. एकच प्रोग्रॅम, दोन यंत्रं, दोन आकडे. ३.३ आवृत्तीत ते मिटलं. मग पाच हे ‘मराठी’चं खरं उत्तर का? युनिकोडची चिन्हं मोजली तर हो. पण आपण म-रा-ठी म्हणतो. तीन.

माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो, ते मोजायचा नियमही युनिकोडने लिहिला आहे. स्विफ्टची मोजणी त्यावर चालते, एलिक्सरचीही. जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ मागवावा लागतो, पीएचपीमध्ये निराळं फंक्शन. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंबाचं एक इमोजी यूटीएफ-८ मध्ये २५ बाइट, जावास्क्रिप्टच्या लेखी ११, पायथनच्या लेखी ७ आणि या नियमाने १. इंग्रजी लेखांत हेच उदाहरण हमखास येतं आणि लेख तिथे सुखाने संपतो. आपला प्रश्न तिथून सुरू होतो.

कारण जोडाक्षर. अनेक वर्षं या नियमात काना-मात्रा-वेलांटी व्यंजनाला चिकटत, पण पाय मोडलेलं व्यंजन पुढच्या व्यंजनापासून सुटं राहत असे. ‘स्त्री’ हा शब्द स्, त्, री असा तीन अक्षरांचा ठरे. रस्ट भाषेच्या अधिकृत पुस्तकात ‘नमस्ते’ हा शब्द नमुना म्हणून घेतला आहे: १८ बाइट, ६ चिन्हं, आणि माणसाच्या मोजणीने चार अक्षरं, न, म, स्, ते. हे वाचून मी थबकलो होतो. पहिलीतलं पोरही न-म-स्ते तीन म्हणेल. पुस्तक लिहिणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी नियमाला विचारलं, पोराला नाही.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या युनिकोड १५.१ ने हे बदललं. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांत पायमोड दोन व्यंजनांना सांधते, तिथे तोडायचं नाही, असा नवा नियम आला. ‘स्त्री’ एक अक्षराची झाली. ‘नमस्ते’ तीन. ‘कार्त्स्न्य’ या शब्दात अकरा चिन्हं आहेत, जुन्या नियमाने सहा अक्षरं होती, नव्याने दोन. शब्दात एका बिंदूचाही फरक नाही, तरी लांबी बदलली. आणि लायब्ररी जुनी असेल तर अजून बदललेली नाही. एकाच कंपनीचं ॲप आणि सर्व्हर वेगवेगळ्या नियमांवर चालत असतील तर ॲप म्हणेल मजकूर बसतो, सर्व्हर म्हणेल बसत नाही.

नवा नियम आपल्या कानाच्या जवळ आला, पण तोही शेवटचा शब्द नव्हे. संस्कृत ‘विद्वान्’ नियमाने तीन, कारण शेवटचा पायमोडका न् सुटा उरतो. छंदशास्त्र तो न् मोजतच नाही, आधीच्या ‘द्वा’मध्ये ढकलतं. दोनच अक्षरं. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजणाऱ्या वारकऱ्याच्या बोटांना जे कळतं, ते अजून कुठल्याही भाषेच्या ‘लेंग्थ’ला कळत नाही. मात्रावृत्तात तर ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन, म्हणजे आणखी एक लांबी. आपल्याकडे मजकूर मोजायच्या दोन पद्धती संगणकाच्या आधीपासून आहेत, आणि त्या एकमेकींशी कधी भांडल्या नाहीत, कारण काय मोजतोय ते प्रत्येकीच्या नावातच होतं.

एकच शब्द दोन लांब्यांचा कसा होतो, हे मात्र खास मराठी दुखणं आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या घ्या. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे एक चिन्ह लिहितात, तेव्हा शब्द सात चिन्हांचा. काही ठिकाणी र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं साठतात, मग आठ. जुनी सॉफ्टवेअर र, पायमोड आणि न दिसणारी एक जोडखूण लिहीत. तेही आठ. पडद्यावर तिन्ही ‘दुसऱ्या’. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणातून गेले की एक होतात. तिसरा होत नाही. ‘ॲप’चं त्याहून बिकट. मराठीसाठी ॲ हे चिन्ह २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं. त्याआधी अ वर चंद्र ठेवून भागवत, आणि कित्येक जण अजून भागवतात. एक ‘ॲप’ दोन चिन्हांचा, दुसरा तीन चिन्हांचा, आणि कुठलंही सामान्यीकरण त्यांना एक मानत नाही. मराठी शोधयंत्रात एक शब्द सापडतो आणि त्याचा जुळा सापडत नाही, त्याला पुष्कळदा हे कारण असतं.

मग मोजायचं काय? माझं मत असं की ‘लेंग्थ’ हे नावच फसवं आहे, आणि गो भाषेचा रोखठोकपणा त्यातल्या त्यात बरा. तिथे ‘लेन’ म्हणजे बाइट, बाकी हवं तर वेगळं मागा. (गो घडवणाऱ्यांत थॉम्प्सन आणि पाइक दोघंही आहेत, तेव्हा घरचंच कार्य.) साठवायला, पाठवायला बाइट लागतात. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं, म्हणजे मराठी पासवर्डची पहिली २४ चिन्हं. त्यापुढे कितीही ओवी लिहा, दार तेवढ्यावरच उघडतं. मजकूर कापायचा असेल तर अक्षराच्या सीमेवर कापावा. ‘मुख्यमंत्री’ नऊ चिन्हांवर कापला तर ‘मुख्यमंत्’ असा लंगडा त् उरतो, आणि २५ बाइटांवर कापला तर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन. तक्त्यात शब्द एकाखाली एक लावायचे असतील तर यातलं काहीच चालत नाही. टर्मिनल काही खुणांना शून्य रुंदी देतो आणि काहींना एक, फाँट आपलंच काहीतरी करतो, आणि रकाने झिंगल्यासारखे दिसतात. तिथे पिक्सेल मोजावे. आणि अर्जावर ‘जास्तीत जास्त १०० अक्षरे’ असं छापलंच असेल, तर माणसाची अक्षरं मोजावीत आणि डेटाबेसमध्ये त्याच्या कितीतरी पट बाइट ठेवावेत. डिस्क आता सोन्याच्या भावाची नाही.

कुठलाही नवा प्रोग्रॅम हातात आला की मी एक छोटी फाइल त्याच्या तोंडात देतो: स्त्री, कार्त्स्न्य, तीन प्रकारचं दुसऱ्या, दोन प्रकारचं ॲप, मोडीतलं मराठी आणि ज्ञानेश्वरी. लांबी सांगतो की नाही एवढंच नव्हे, कापून, शोधून, उलटं करून बघतो. बहुतेक जण ‘दुसऱ्या’वर पडतात.

काकांनी आता निरोपाखाली ‘सचिव’ लिहिणं सोडलं आहे. परवा विचारत होते, ‘कृपया’पण काढलं तर? मी मोजून सांगितलं, काका, ६२ होतील. पण बिल तेवढंच.